एमजीबी रोडस्टर: जुनी स्पोर्ट्स कार निवडण्यापासून रस्त्यावर आणण्यापर्यंत

जुन्या स्पोर्ट्स कार जमवण्याचा आणि त्या पूर्वस्थितीत आणण्याचा छंद ज्याला मनापासून लागला आहे, त्याने पहिली मोटार म्हणून एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबीचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी तयार झाली आणि रोडस्टर (पक्के छप्पर नसलेली) व जीटी (पक्क्या छपराची) मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. इंजिन साधे, ओतीव लोखंडाचे आणि १७९८ सीसीचे आहे. घरच्या गॅरेजमध्ये, साध्या हत्यारांनी, एकट्या माणसाला ते उघडता आणि जोडता येते. मात्र या छंदात पैसा आणि वेळ इंजिनात जात नाही, तो पत्र्यात जातो, हे पहिल्या दिवसापासून पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. या लेखाचा मोठा भाग म्हणूनच पत्र्याविषयी आहे.

कोणती एमजीबी घ्यावी

एमजीबी अठरा वर्षे बनत राहिली, तरी खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे टप्पे मोजकेच आहेत. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीन मेन बेअरिंगे होती. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगांचे इंजिन आले आणि ते अधिक टिकाऊ ठरले. १९६५ मध्ये बंद छपराची जीटी आली. १९६७ च्या शेवटी आलेल्या मार्क टू मोटारींत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न होता बदलू देणारी रचना) मिळाले, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचे धन टोक अर्थ करण्याची जुनी पद्धत बदलून ऋण टोक अर्थ करण्यात आले. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सुरक्षानियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि मोटारीची उंची सुमारे दीड इंचाने वाढवण्यात आली. त्यामुळे वळणावर ती पूर्वीइतकी ठाम राहिली नाही आणि बाजारात रबरी बंपरच्या मोटारी आजही स्वस्त मिळतात. ज्याला मोटार चालवण्यापेक्षा काम शिकण्यात अधिक रस आहे, त्याने ही स्वस्त मोटार घेण्यात काहीच कमीपणा नाही. पत्र्याचे धडे दोन्हीकडे सारखेच मिळतात.

जीटीला पक्के छप्पर असल्यामुळे तिचा सांगाडा उपजतच ताठ असतो. रोडस्टरचे तसे नाही. एमजीबीला वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका जसा सहज पिळला जातो, तसा छप्पर नसलेला सांगाडा पिळला जाऊ नये म्हणून दोन्ही दारांखाली लांबीने जाणाऱ्या पोकळ तुळया, म्हणजे सिल, अतिशय भक्कम केलेल्या असतात. रोडस्टरचे आयुष्य या दोन सिलांवर अवलंबून असते.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगासाठीचा जादा गिअर, असलेली मोटार मिळत असेल तर थोडे अधिक पैसे मोजून तीच घ्यावी. महामार्गावर इंजिनाचे फेरे त्यामुळे बरेच कमी होतात आणि लांबचा प्रवास सुसह्य होतो.

मोटार पाहायला जाताना

सोबत एक लहान लोहचुंबक, टॉर्च, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, खाली झोपण्यासाठी चटई आणि कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजण्याचे गेज असावे. चुंबकावर पातळ कापड गुंडाळावे, म्हणजे रंगावर ओरखडा पडत नाही. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी किंवा फायबर भरलेले आहे असे समजावे. याला एक अपवाद आहे: सुरुवातीच्या वर्षांतील बॉनेट ॲल्युमिनियमचे होते, तिथे चुंबक न चिकटणे हेच योग्य लक्षण आहे.

पुढच्या चाकाच्या मागे, मडगार्डच्या आत, चिखल साचतो आणि तिथूनच सिलच्या पुढच्या टोकाला आतून गंज लागतो. मागच्या बाजूला, मागच्या चाकाच्या कमानीला सिल जिथे मिळते, तो दुसरा धोक्याचा भाग. दाराखाली वाकून सिलच्या खालच्या कडेचा जोड पाहावा. मुळात तिथे पत्र्यांच्या कडा एकत्र येऊन स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या असतात आणि ती कड स्वच्छ, सरळ दिसायला हवी. ती जाड सीलरखाली झाकलेली असेल, किंवा जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवलेला दिसत असेल, तर आत काय कुजले आहे हे कोणीही सांगू शकणार नाही. अशी झाकण-सिल लावलेली मोटार बाहेरून देखणी दिसते आणि अनेक नवखे लोक तिलाच भुलतात. माझ्या मते उघडा गंज दिसणारी मोटार अशा मोटारीपेक्षा केव्हाही चांगली, कारण तिची किंमत तरी प्रामाणिकपणे ठरवता येते.

यानंतर सर्वांत उपयोगी चाचणी करावी. मालकाच्या परवानगीने, सिलच्या मधोमध असलेल्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून त्या बाजूचे चाक जमिनीवरून सुटेपर्यंत मोटार हळूहळू उचलावी आणि त्या वेळी दार व मागच्या मडगार्डमधली फट पाहत राहावे. फट वरच्या बाजूला मिटत गेली किंवा दार उघडताना अडकू लागले, तर सांगाड्यात ताकद उरलेली नाही. जॅक पत्र्यात घुसू लागला तर चाचणी तिथेच थांबवावी. उत्तर मिळालेले असते.

आता आतून पाहावे. सीटच्या मागे, फळीखाली, बॅटरीच्या पेट्या असतात. क्रोम बंपरच्या मोटारींत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि आम्लामुळे त्या पेट्या हमखास कुजतात. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे सांगाड्याला अडकतात ते भाग, गालिच्याखालचा तळ आणि डिकीखालच्या पेट्रोल टाकीची वरची बाजू हेही हाताने चाचपावे. दाराच्या पत्र्यावर लहान तिकोनी काचेच्या पायथ्याशी उभी चीर पडणे हा एमजीबीचा सर्वपरिचित दोष आहे; तो दिसला म्हणून मोटार सोडू नये.

इंजिन गरम झाल्यावर चालू वेगात ऑइलचा दाब ५० ते ८० पीएसआयच्या दरम्यान असावा. चारही सिलिंडरांचे कम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास असावे. त्यांतील तफावत दहा टक्क्यांहून अधिक असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगांचे काम निघेल. तारांची चाके असतील तर मोटार पुढे-मागे हलवताना मागून ‘टक’ असा आवाज येतो का, हे ऐकावे. तो हबवरचे दाते झिजल्याचा असतो. हे सगळे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत आणि भाव कमी करण्यासाठी उपयोगी पडतात, पण खरेदीचा निर्णय त्यांच्यावर ठरवू नये. तो पत्र्यावर ठरवावा.

अमेरिकेला फार मोठ्या संख्येने एमजीबी निर्यात झाल्या होत्या आणि कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेच्या राज्यांतून परत आलेल्या मोटारींचा पत्रा ब्रिटनच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या मोटारींपेक्षा पुष्कळदा चांगला असतो. स्टिअरिंग डावीकडे असते, पण ते उजवीकडे आणणे या मोटारीत फारसे अवघड नाही. १९७५ नंतरच्या अमेरिकी मोटारींना दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी (पेट्रोल व हवा मिसळणारे भाग) एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर असतो, तेवढे लक्षात ठेवावे.

ओळख आणि कागदपत्रे

चेसिस क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे वाचता आली पाहिजेत. ‘जीएचएन’ म्हणजे रोडस्टर आणि ‘जीएचडी’ म्हणजे जीटी. त्यापुढच्या आकड्यानंतर ‘एल’ असेल तर मोटार मुळात डाव्या स्टिअरिंगची आहे. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट देते. त्यात मोटार कधी तयार झाली, तिचा मूळ रंग कोणता होता आणि ती कोणत्या बाजारासाठी होती, हे कळते. रंग ठरवण्यापूर्वीच हे प्रमाणपत्र मागवावे.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला रस्ताकर माफ होतो आणि तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीतूनही सूट मिळते. कायद्याने सूट असली तरी पुनर्बांधणीनंतर पहिली एमओटी स्वेच्छेने करून घ्यावी. दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर ब्रेक आणि स्टिअरिंगवरून फिरणे फार मोलाचे असते.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेली मोटार या व्याख्येत बसत नाही, हे पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांनी आधुनिक इंजिन बसवण्याचा विचार करण्यापूर्वी वाचावे. परदेशातून मोटार आणायची असेल तर पैसे देण्यापूर्वी विदेश व्यापार महासंचालनालयाची त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचावी. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

मोटार सुटी करणे

एमजीबीचे नट-बोल्ट मेट्रिक नाहीत. बहुतेक सगळे यूएनएफ, म्हणजे इंचांच्या मापाच्या बारीक, आट्यांचे असून त्यांना इंचांतले एएफ (बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या मापाचे) पाने लागतात. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावून बोल्टची डोकी गोल करण्यापेक्षा एएफ पाने आणि सॉकेटचा एक चांगला संच आधी विकत घ्यावा. गंजलेल्या बोल्टांवर भेदक तेल आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी टाकावे.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत: एक दुरून, एक जवळून, आणि वॉशर व पाइप कोणत्या क्रमाने बसले आहेत ते दाखवणारे एक. लहान भाग जागेनुसार पिशव्यांत घालून प्रत्येक पिशवीत कागदाची चिठ्ठी ठेवावी. पिशवीवर शाईने लिहिलेले नाव तेलाने पुसले जाते. जुना भाग निकामी असला तरी नवा बसून मोटार चालू होईपर्यंत तो टाकू नये, कारण आज मिळणारे काही नवे भाग मापात किंचित वेगळे असतात आणि तुलना करायला जुना भागच लागतो.

पेट्रोल टाकी रिकामी करून मोटारीपासून दूर ठेवावी. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि काही गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ कम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून बंद पिशवीत घालावी.

सिल बदलणे

हे काम घाईत करण्यासारखे नाही. वेल्डिंगचा सराव नसेल तर आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर काही आठवडे सराव करावा किंवा हा टप्पा अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावा. बाकीची मोटार आपण बांधली तरी समाधान कमी होत नाही.

पहिली अट अशी की सांगाडा आपल्या नैसर्गिक भारावर, म्हणजे सस्पेन्शनखाली आधार देऊन, पाणसळीत उभा असावा. मधोमध जॅकवर उचललेल्या मोटारीची सिल बदलली तर सांगाडा त्याच वाकलेल्या अवस्थेत कायमचा बांधला जातो आणि मग दार कधीच नीट बसत नाही. दुसरी अट: दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी चौकोनी नळीचे आडवे व तिरपे टेकू वेल्ड करावेत आणि कापण्यापूर्वी फटींची मापे लिहून ठेवावीत. तिसरी अट: एका वेळी एकच बाजू उघडावी. पहिली बाजू पूर्ण वेल्ड झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.

पुढचे मडगार्ड बोल्टांनी बसवलेले असते, ते काढावे. मागचे मडगार्ड मात्र वेल्ड केलेले आहे आणि बाहेरची सिल त्याच्या खाली शिरलेली असते. म्हणून मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापून काढल्याशिवाय सिल पूर्ण लांबीची बदलता येत नाही. जो मिस्त्री हे न कापता ‘सिल बदलून देतो’ म्हणतो, तो अर्धीच सिल बदलतो. बाहेरचा पत्रा निघाला की आतली उभी फळी, आतली सिल आणि त्यांच्या खालची कॅसल सेक्शन नावाची तुळई उघडी पडते. यांतले जे कुजले आहे ते चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापावे. कुजक्या कडेवर नवा पत्रा जोडणे म्हणजे दोन वर्षांनी तेच काम पुन्हा करणे होय.

नवे भाग आधी क्लॅम्पने आणि स्क्रूने तात्पुरते बसवावेत, दार आणि पुढचे मडगार्ड त्यावर लावून फटी पाहाव्यात, आणि वरपासून खालपर्यंत फट सारखी आल्यावरच वेल्डिंग सुरू करावे. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला सुमारे सहा मिलिमीटरची छिद्रे पाडून मिग वेल्डिंगने ती भरावीत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग जाऊ नये. एक टाका पुढे, एक मागे, एक मध्ये अशा क्रमाने आणि मध्ये पत्रा गार होऊ देत काम करावे, नाहीतर उष्णतेने सिल वाकते. जे पृष्ठभाग जोडानंतर आत बंद होणार आहेत त्यांना वेल्डिंग सहन करणारा जस्तयुक्त प्रायमर आधीच लावावा. मधून मधून दार बंद करून पाहत राहावे. या एका सवयीने जितके नुकसान टळते तितके कोणत्याही महागड्या हत्याराने टळत नाही.

सिल, तळ, मडगार्ड, मागच्या स्प्रिंगांचे आधार असे सगळेच गेले असेल, तर ऑक्सफर्डशायरमधील विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर नवा पूर्ण सांगाडा बनवून देते. एमजीबीचे असे सांगाडे १९८८ पासून मिळत आहेत. किंमत मोठी आहे, पण फार कुजलेल्या मोटारीत वेल्डरच्या मजुरीचा हिशेब मांडला तर हा मार्ग कधी कधी शहाणपणाचा ठरतो. भारतात नोंदणी करायची असेल तर मात्र मूळ सांगाडा वाचवण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न करावा.

इंजिन, ब्रेक, चाके

आता काम सोपे होते. इंजिनाचा हेड उघडला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या आहेत का, ते पाहावे; नसतील तर लेथ व हेडचे काम करणाऱ्या कारखान्यातून बसवून घ्याव्यात, कारण जुन्या पेट्रोलमधील शिसे या सीटचे रक्षण करत असे आणि ते आता मिळत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात आणि चिरतात, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीच्या बसवाव्यात. आगीचा धोका इथेच असतो. व्हॉल्व्हची फट ०.०१५ इंच ठेवावी, इग्निशनचा क्रम १-३-४-२. ऑइल २०डब्ल्यू-५० दर्जाचे आणि पुरेसे जस्त असलेले घ्यावे, कारण सपाट टॅपेट आणि कॅमशाफ्ट या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना त्याची गरज असते.

एसयू कार्ब्युरेटरचा थ्रॉटल शाफ्ट झिजला की बाजूने हवा शिरते आणि मग कितीही जुळवणी केली तरी इंजिन मंद वेगात स्थिर राहत नाही. आधी शाफ्ट व बुश बदलावे, मग दोन्ही कार्ब्युरेटरची हवा सारखी करावी आणि मिश्रण सर्वांत शेवटी जुळवावे.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. सिलिंडर, कॅलिपरचे सील, रबरी होज आणि सगळ्या नळ्या नव्या घालाव्यात. नळ्या तांबे-निकेलच्या घेतल्या तर त्या गंजत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलावे. पुढच्या किंगपिनला (ज्यावर पुढचे चाक वळते ती उभी खीळ) प्रत्येक बाजूस तीन ग्रीस निपल असतात आणि त्यांना वेळेवर ग्रीस न मिळाल्यामुळेच ते झिजतात.

वायरिंग

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगला लोक घाबरतात, पण त्यातले रंग कळले की ते अगदी सरळ आहे. तपकिरी तार नेहमी जिवंत असते, पांढरी किल्ली फिरवल्यावर, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून येते, जांभळी फ्यूजमधून कायम जिवंत, निळी हेडलाइटची, लाल पार्किंग दिव्यांची आणि काळी अर्थची. बहुतेक बिघाड तारांत नसून बुलेट कनेक्टरमधल्या गंजात आणि रंग चढलेल्या अर्थमध्ये असतात. रंगकामानंतर प्रत्येक अर्थच्या जागी पत्रा खरवडून उघडा करावा, जोड घट्ट करावा आणि वर व्हॅसलिन लावावे. जुन्या वायरिंगचे आवरण कडक होऊन तडकले असेल तर तुकडे जोडत बसू नये. संपूर्ण नवा हार्नेस मूळ रंगांत मिळतो.

रंग आणि गंजरोधक

रंग शक्यतो मूळ नोंदीतलाच द्यावा. आधुनिक टू-पॅक रंगांत आयसोसायनेट असतात आणि त्यांचा फवारा फुप्फुसांना कायमची इजा करू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर हे काम रंगाच्या कारखान्यालाच द्यावे. घरी आपण नीट करू शकतो ती तयारी: उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, सर्व जोडांवर सीलर, आणि रंग पूर्ण वाळल्यावर सिल, खांब व दारांच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण सोडणे. दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी निघण्याची छिद्रे मेणाने बुजली नाहीत, हे तारेने तपासावे.

पहिले मैल

स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि गेजवर ऑइलचा दाब दिसल्यावरच प्लग लावून ते सुरू करावे. नवा कॅमशाफ्ट घातला असेल तर पहिली वीस मिनिटे इंजिन मंद वेगात ठेवू नये, मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वरच ठेवावे, म्हणजे टॅपेटांना पुरेसे ऑइल मिळते. पहिली फेरी घराजवळच, कमी वेगात, फक्त ब्रेक आणि स्टिअरिंग पाहण्यासाठी असावी. परतल्यावर चाकांचे नट, स्टिअरिंगचे जोड आणि पेट्रोलच्या नळ्या हाताने तपासाव्यात. पहिल्या ५०० मैलांत इंजिनावर जोर देऊ नये; त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावा, गार इंजिनावर हेडचे नट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळावेत आणि व्हॉल्व्हच्या फटी परत मोजाव्यात, कारण नवे हेड गॅस्केट बसते तशा त्या बदलतात.

पहिला पावसाळा किंवा हिवाळा संपला की मोटार उचलून सिलच्या खालच्या कडा, मागच्या चाकाजवळचा जोड आणि जॅकिंग पॉइंट टॉर्चने पाहावेत. रंगाखाली कुठे फुगवटा दिसला तर तो लगेच खरवडून प्रायमर लावावा आणि त्या पोकळीत मेण पुन्हा सोडावे. हे काम दरवर्षी एका दुपारचे आहे.